३ तास ५ मिनिटांची रेघ

गेल्या महिन्यात गावाकडच्या एका धावणाऱ्या पोराचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. काळा डबा, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘बीसीएए’, आणि खाली थकवा लांबवण्याचं आश्वासन. सोबत प्रश्न: “ताई, सर म्हणाले घेऊन बघ. दोन हजाराला आहे. घेऊ का? तुमचाच विषय आहे ना?”

विषय माझाच. तरी उत्तर टाइप करायला मला दोन दिवस लागले, त्याचं कारण जरा लाजिरवाणं आहे. दोन वर्षांपूर्वी विभागातल्या सेमिनारमध्ये मी एक स्लाइड दाखवली होती. डावीकडे स्नायू, मध्ये रक्त, उजवीकडे मेंदू, आणि या तिघांना जोडणारे सुंदर बाण. शेवटचा बाण “थकवा उशिरा” या शब्दांपाशी संपत होता आणि खाली १९९१ च्या एका शोधनिबंधाचा संदर्भ होता. त्या निबंधाचा मी तेव्हा फक्त सारांश वाचला होता. कोणी काही विचारलं नाही, टाळ्या वाजल्या, चहा झाला. आज जर तो पोरगा माझ्या त्या स्लाइडवर भरवसा ठेवून दोन हजार घालवणार असेल, तर आधी ती स्लाइड नीट तपासायला हवी. म्हणून हा लेख. सप्लिमेंट चांगली की वाईट असा ढोबळ वाद मला घालायचा नाही. एकच दावा घेऊ: सराव असलेल्या, लांब पल्ल्याच्या खेळाडूने व्यायामाच्या वेळी बीसीएए घेतलं तर तो जास्त वेळ टिकतो किंवा जास्त वेगाने जातो.

बीसीएए म्हणजे तीन अमायनो ॲसिड: ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन. यांच्या कार्बनच्या साखळीला फांदी फुटलेली असते, त्यावरून हे नाव. आपलं शरीर ती बनवू शकत नाही, अन्नातूनच घ्यावी लागतात. यांचं एक वैशिष्ट्य आहे. बहुतेक अमायनो ॲसिडवर यकृतात आधी प्रक्रिया होते, पण या तिघांवर पहिली प्रक्रिया करणारं एन्झाइम यकृतात फार कमी असतं. त्यामुळे प्यायलेलं बीसीएए यकृत ओलांडून पटकन रक्तात येतं आणि स्नायू ते उचलतात. डब्यावर “थेट स्नायूंपर्यंत” असं लिहिलेलं असतं ते एवढ्यापुरतं खरंच आहे.

आता थकव्याची गोष्ट. ती ऑक्सफर्डच्या एरिक न्यूजहोम यांची. हे जीवरसायनशास्त्रज्ञ स्वतः मॅरेथॉन धावायचे, त्यामुळे प्रश्न त्यांना पायात जाणवलेला होता. १९८० च्या दशकात त्यांनी मांडलेला तर्क असा: माणूस थकतो तो फक्त स्नायूंतलं इंधन संपल्यामुळे नाही, मेंदूतही काहीतरी बदलत असणार. ते काहीतरी म्हणजे सेरोटोनिन. मेंदू सेरोटोनिन बनवतो ट्रिप्टोफॅन या अमायनो ॲसिडपासून, आणि ट्रिप्टोफॅन येतं रक्तातून.

ट्रिप्टोफॅनचा प्रवास मला नेहमी एसटीसारखा वाटतो. रक्तात ते बहुतांशी अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनावर बसून फिरतं, म्हणजे सीट मिळालेली असते. माणूस दोन-तीन तास धावला की चरबी वितळायला लागते आणि फॅटी ॲसिड रक्तात येतात. त्यांनाही तीच सीट हवी असते. ती ट्रिप्टोफॅनला उठवतात. उभं राहिलेलं, म्हणजे ‘मुक्त’ ट्रिप्टोफॅन आता मेंदूच्या दाराशी जाऊ शकतं. पण त्या दारातून बीसीएएसुद्धा आत जातात, दार एकच, धक्काबुक्की ठरलेली. एरवी बीसीएएची गर्दी जास्त, म्हणून ट्रिप्टोफॅनला आत जायला वेळ लागतो. लांबच्या धावेत मात्र स्नायू बीसीएए खाऊन टाकतात, दारातली गर्दी कमी होते, ट्रिप्टोफॅन आत घुसतं, सेरोटोनिन वाढतं आणि आपल्याला वाटतं, बास, आता नाही होत.

मग उपाय? दारात पुन्हा बीसीएएची गर्दी करा. पावडर प्या.

इतकी देखणी मांडणी की तिच्या प्रेमात पडायला होतं. प्रत्येक पायरीला स्वतंत्र पुरावा आहे: सीटवरून उठवणं खरं, एकच दार खरं, लांब धावेनंतर रक्तातलं बीसीएए घटणं खरं. पण पाच खऱ्या पायऱ्या जोडल्या की सहावी आपोआप खरी होत नाही. प्रत्येक पायरीवर परिणाम किती मोठा, हे बाण दाखवत नाहीत. माझ्या स्लाइडवर सगळे बाण सारख्याच जाडीचे होते.

आता तो १९९१ चा निबंध. इव्हा ब्लूमस्ट्रँड आणि सहकाऱ्यांचा, न्यूजहोमही त्यात लेखक आहेत. स्वीडनमध्ये, प्रयोगशाळेत नव्हे तर खऱ्या शर्यतींत केलेला अभ्यास. एक ३० किलोमीटरची क्रॉसकंट्री शर्यत आणि एक पूर्ण मॅरेथॉन. मॅरेथॉनमध्ये १९३ अनुभवी पुरुष धावपटू. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, एका गटाला पेयात बीसीएए, दुसऱ्याला प्लासिबो. कल्पना धाडसी होती, आणि त्या काळात एवढ्या धावपटूंना खऱ्या शर्यतीत गाठणं काही सोपं काम नव्हतं. टीका करताना हे विसरायला नको.

निकाल काय? मॅरेथॉनमध्ये सगळे धावपटू एकत्र धरले तर बीसीएए आणि प्लासिबो यांच्यात वेळेचा फरक नाही. नाही म्हणजे नाहीच. मग धावपटूंची विभागणी केली गेली: ३ तास ५ मिनिटांच्या आत येणारे ‘वेगवान’, आणि ३ तास ५ मिनिटं ते ३ तास ३० मिनिटं घेणारे ‘हळू’. वेगवान गटात फरक नाही. हळू गटात बीसीएए घेणारे थोडे सरस. सारांशात शेवटी उरलं ते हे वाक्य, आणि पुढची तीस वर्षं डब्यांवर, मासिकांत, जिमच्या भिंतींवर आणि माझ्या स्लाइडवर तेच फिरत राहिलं.

आता ही रेघ ३ तास ५ मिनिटांवरच का? ३ तासांवर का नाही? ३ तास १५ वर? नंतरच्या आढावा लेखांनी या विभागणीला मनमानी म्हटलंय, आणि मला ते पटतं. रेघ कुठे मारायची हे निकाल येण्याआधी ठरलेलं नसेल, तर रेघ सरकवता सरकवता कुठेतरी काहीतरी सापडतंच.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण खेळातलं नाही, हृदयविकारातलं आहे. १९८८ मध्ये ‘आयसिस-२’ नावाची प्रचंड मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयविकाराचा झटका आलेल्या १७,१८७ रुग्णांवर ॲस्पिरिन तपासलं आणि ते जीव वाचवतं हे ठामपणे दिसलं. नियतकालिकाच्या संपादकांना हवे होते उपगट: अमुक वयात किती फायदा, तमुक लोकांत किती. संशोधकांनी खट्याळपणे एक उपगट घालून दिला, राशींचा. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा फायदा दिसत नव्हता! बाकी सगळ्या राशींना भरपूर. आपल्याकडे हे वाचून काही लोक पंचांग उघडतील, पण सांगायचं होतं ते उलट: पुरेसे तुकडे केले की योगायोगही निष्कर्षासारखा दिसतो. तिथे निदान एकूण निकाल भक्कम होता आणि तुकडा फसवा होता. इथे एकूण निकाल शून्य, आणि आशा सगळी तुकड्यावर.

दुसरी अडचण. चिठ्ठ्या टाकून गट केले की दोन्ही बाजूंना साधारण सारखे लोक येतात, ही हमी पूर्ण गटासाठी असते. नंतर पाडलेल्या अर्ध्या भागासाठी ती हमी तितकी उरत नाही. धावपटूंच्या आधीच्या कामगिरीनुसार जोड्या लावलेल्या नव्हत्या. वाटेत कोणी किती साखरेचं पेय प्यायलं, आदल्या दिवशी काय जेवलं, यावरही नियंत्रण नव्हतं. खऱ्या शर्यतीत ते कठीणच असतं. पण मॅरेथॉनमध्ये एखाद्याने दोन ग्लास गोड पेय जास्त घेतलं तर त्याचा परिणाम काही ग्रॅम अमायनो ॲसिडपेक्षा मोठा असण्याची शक्यता आहे, आणि तो परिणाम कुठल्या गटाच्या खात्यात जमा झाला ते सांगता येत नाही.

त्याच निबंधातला मेंदूचा भागही पाहू. ३० किलोमीटरच्या शर्यतीआधी आणि नंतर स्ट्रूप चाचणी घेतली. यात ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो आणि तुम्ही शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. जीभ हमखास अडखळते. बीसीएए गटाचे गुण शर्यतीनंतर सुधारले, प्लासिबो गटाचे जवळपास तेवढेच राहिले. ऐकायला छान. पण एका गटात आधी-नंतरचा फरक ठळक आणि दुसऱ्यात नाही, एवढ्यावरून दोन गटांमध्ये ठळक फरक आहे असं होत नाही. ही संख्याशास्त्रातली फार जुनी आणि फार लोकप्रिय चूक आहे. माझ्या एमएस्सीच्या प्रबंधातही ती आहे, कृपया कोणी शोधायला जाऊ नका.

हे सगळं वाचल्यावर माझ्या लक्षात आलं ते साधंच. आपला पोरगा मॅरेथॉन २ तास ५८ मिनिटांत धावतो. म्हणजे ज्या अभ्यासाच्या नावाने त्याला डबा विकला जातोय, त्या अभ्यासानुसारसुद्धा तो रेघेच्या चुकीच्या बाजूला आहे! त्याच्यासारख्यांना फायदा नाही, असं खुद्द त्या निबंधाचंच म्हणणं.

१९९५ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या गटाने, फान हाल आणि सहकाऱ्यांनी, हाच तर्क प्रयोगशाळेत नेला. दहा सराव असलेले पुरुष खेळाडू, सायकलवर कमाल क्षमतेच्या ७० ते ७५ टक्के जोरावर, थकून थांबेपर्यंत. प्रत्येकाने चारही पेयं वेगवेगळ्या दिवशी प्यायली: नुसतं ६ टक्के साखरेचं पाणी, त्यात कमी बीसीएए (लिटरला ६ ग्रॅम), त्यात जास्त बीसीएए (लिटरला १८ ग्रॅम), आणि चौथं पेय, ज्यासाठी मला हा निबंध फार आवडतो: त्यात चक्क ट्रिप्टोफॅन, लिटरला ३ ग्रॅम.

का आवडतो? न्यूजहोमचा तर्क बरोबर असेल तर ट्रिप्टोफॅन पिणारा लवकर गळून पडायला हवा. बीसीएएने थोडं भलं होतं का हे शोधण्यापेक्षा, ट्रिप्टोफॅनने ठळक वाईट होतं का हे तपासणं ही जास्त कडक परीक्षा. संशोधकांच्या हिशोबाप्रमाणे ट्रिप्टोफॅनच्या दिवशी मेंदूत जाणारं ट्रिप्टोफॅन ७ ते २० पट वाढलं. बीसीएएच्या दिवशी ते ८ ते १२ टक्क्यांनीच कमी झालं. आणि टिकण्याचा वेळ? चारही दिवशी सारखाच, साधारण १२२ मिनिटं.

दोन आकडे शेजारी ठेवून बघा. एका बाजूला ७ ते २० पट, दुसऱ्या बाजूला ८ ते १२ टक्के. वीसपट वाढ करूनही काही बिघडत नसेल, तर दहा टक्के घट करून काय सुधारणार? माझ्या स्लाइडवरचा मधला बाण इथे दोऱ्याइतका बारीक झाला.

पण थांबा. आपल्या बाजूचा निकाल आला की आपण तपासणं सोडतो, आणि ते बरं नाही. या अभ्यासालाही प्रश्न विचारायला हवेत. मेंदूत गेलेलं ट्रिप्टोफॅन इथे मोजलेलं नाही, रक्तातल्या प्रमाणावरून गणिताने काढलेलं आहे. शिवाय थकून थांबेपर्यंत सायकल चालवणं ही चाचणी फार डळमळीत असते. १९९६ मध्ये युकेंड्रप आणि सहकाऱ्यांनी तेच लोक पुन्हा पुन्हा तपासले तेव्हा अशा चाचणीत एकाच माणसाचा वेळ सरासरी २६.६ टक्क्यांनी इकडेतिकडे होत होता. ठरलेलं काम लवकरात लवकर संपवायच्या चाचणीत मात्र तोच चढउतार साडेतीन टक्क्यांच्या आत होता. एवढ्या गोंगाटात दहा माणसांवर दोन-तीन टक्क्यांचा खरा फायदा दिसेल का? अवघड आहे.

तिसरा मुद्दा असा की सगळ्या पेयांत साखर होती. साखर प्यायली की इन्सुलिन वाढतं, चरबी वितळणं मंदावतं, फॅटी ॲसिड कमी, म्हणजे ट्रिप्टोफॅनची सीट शाबूत. दारातली गर्दी मुळात बदललीच नाही तर बीसीएए काय करणार? न्यूजहोमच्या बाजूने बोलणारा म्हणेल, तुम्ही तर्काला खेळायला मैदानच दिलं नाहीत.

हा आक्षेप मला मान्य आहे. आणि गंमत म्हणजे, खेळाडूच्या दृष्टीने तोच या पावडरच्या विरोधात जातो. १९९२ मध्ये डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी सायकलस्वारांना कर्बोदकांची पेयं दिली, ६ टक्के आणि १२ टक्के. मुक्त ट्रिप्टोफॅनची वाढ बरीच आटोक्यात राहिली आणि थकवाही उशिरा आला. तो मेंदूमुळे उशिरा आला की स्नायूंना आयतं इंधन मिळाल्यामुळे, हे त्या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. पण धावणाऱ्याला ते वेगळं काढून करायचंय काय? जे काम दोन हजाराची पावडर करेल असं सांगितलं जातं, ते काम साखर करते, वर इंधनही देते. कुठला गंभीर धावपटू मॅरेथॉन नुसत्या पाण्यावर धावतो? म्हणजे खरा प्रश्न बीसीएए विरुद्ध पाणी असा नाहीच, साखरेवर बीसीएए टाकून आणखी काही मिळतं का, हा आहे. तो प्रश्न मास्ट्रिख्टच्या गटाने विचारला होता.

तोच प्रश्न १९९६ मध्ये डेन्मार्कमध्ये मॅडसन आणि सहकाऱ्यांनीही विचारला. नऊ कसलेले सायकलस्वार, १०० किलोमीटर, जमेल तितक्या वेगाने. ग्लुकोज, ग्लुकोज अधिक बीसीएए, आणि प्लासिबो. सरासरी वेळा अनुक्रमे १६०.१, १५७.२ आणि १५९.८ मिनिटं. संख्याशास्त्राच्या हिशोबाने फरक नाही.

बीसीएएविरोधी लेखांत हा अभ्यास नेहमी हातोड्यासारखा वापरतात. मला तसा वापरायला संकोच वाटतो. नीट बघा: इथे ग्लुकोजनेसुद्धा प्लासिबोपेक्षा फायदा दाखवलेला नाही. ग्लुकोजचा लांबच्या व्यायामात उपयोग होतो हे आपल्याला इतर अनेक अभ्यासांतून माहीत आहे. जी चाचणी ग्लुकोजचा परिणामही पकडत नाही, तिने बीसीएएचा पकडला नाही म्हणून किती नाचायचं? आणि १५७.२ हा आकडा उरलेल्या दोघांपेक्षा जवळजवळ तीन मिनिटांनी कमी आहे, हेही डोळ्यांआड करू नये. तो नऊ माणसांतला योगायोग असेलही. पण प्रामाणिक वाक्य “फरक सापडला नाही” एवढंच आहे. “फरक नसतो हे सिद्ध झालं” हे नव्हे. पावडर विकणारे एका बाजूने ताणतात तसे आपण पावडरविरोधक दुसऱ्या बाजूने ताणतो.

या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली जी डब्यावर नसते: बीसीएए घेतल्यावर रक्तातला अमोनिया जास्त चढला. मास्ट्रिख्टमध्येही जास्त मात्रेला हेच. त्याचं कारण सरळ आहे. स्नायू ही अमायनो ॲसिड जाळतो तेव्हा त्यांचा नायट्रोजन कुठेतरी जायला हवा. थोडा ॲलनिन आणि ग्लुटामिनमधून बाहेर पडतो, थोडा अमोनिया होतो. आणि अमोनिया मेंदूसाठी काही टॉनिक नाही, उलट थकव्याच्या संशयितांच्या यादीत त्याचंही नाव आहे. म्हणजे एका दाराने थकवा अडवायला गेलो आणि दुसरं दार उघडं टाकलं, असंही होऊ शकतं.

उन्हाचं काय? हा प्रश्न आपल्याकडे धावणाऱ्यांनी विचारायलाच हवा, कारण वरचे बहुतेक अभ्यास थंड देशांतले. १९९८ मध्ये मिटलमन आणि सहकाऱ्यांनी १३ स्त्री-पुरुषांना ३४.४ अंश सेल्सियसमध्ये सायकलवर बसवलं. बीसीएएच्या दिवशी ते सरासरी १५३ मिनिटं टिकले, प्लासिबोच्या दिवशी १३७. सोळा मिनिटं! हा बीसीएएच्या बाजूचा सगळ्यात चांगला आकडा. पण ही मंडळी मध्यम सरावाची होती आणि जोर होता कमाल ऑक्सिजन क्षमतेच्या ४० टक्के, म्हणजे शर्यतीच्या वेगाच्या जवळपासही नाही. शिवाय तुलना साखरेशी नव्हती. २००४ मध्ये वॉटसन, शिरेफ्स आणि मॉन यांनी ३० अंशांत, आधी स्नायूंमधलं ग्लायकोजेन मुद्दाम कमी करून, म्हणजे न्यूजहोमच्या तर्काला हवं तसं मैदान देऊन, आठ पुरुषांवर पाहिलं. फायदा दिसला नाही. त्याच वर्षी शेवरॉन्ट आणि सहकाऱ्यांनी उन्हाला सरावलेल्या सात पुरुषांना, शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना, कर्बोदकांबरोबर बीसीएए दिलं. तिथेही काही नाही. उन्हाची फाइल मी पूर्ण बंद करत नाही, पण तिच्यात आजच्या घडीला डबा विकण्याइतका ऐवज नाही.

एक गोष्ट मात्र नोंदवायलाच हवी. न्यूजहोमची मूळ कल्पना, की थकवा मेंदूतही असतो, ती चुकीची ठरलेली नाही. २००५ मध्ये वॉटसन आणि सहकाऱ्यांनी सायकलस्वारांना ब्युप्रोपियॉन हे नैराश्यावरचं औषध दिलं, जे डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिनवर काम करतं. १८ अंशांत काही फरक नाही. ३० अंशांत ते ९ टक्के वेगाने काम संपवू लागले, शरीराचं तापमान जास्त चढलं, आणि तरीही त्यांना जास्त कष्ट झाल्यासारखं वाटलं नाही. वाचताना अंगावर काटा येतो, कारण ती ‘बास’ म्हणणारी घंटा उष्माघातापासून वाचवायलाच असते. (कोणीही हे करून बघू नका. हे औषध आहे.) तर मेंदूचा सहभाग आहेच, पण कारभार एकट्या सेरोटोनिनच्या हातात नाही, आणि स्कूपभर पावडरने तो बदलतो असं दिसत नाही.

मग बीसीएएच्या पदरात काय उरलं? ब्लूमस्ट्रँड यांचाच १९९७ चा अभ्यास: सात सराव असलेले सायकलस्वार, ग्लायकोजेन कमी केलेलं, तुलना पाण्याशी. जाणवणारे कष्ट ७ टक्क्यांनी आणि मानसिक थकवा १५ टक्क्यांनी कमी नोंदवला गेला. शेवटच्या वीस मिनिटांत केलेलं काम मात्र सारखंच. म्हणजे बरं वाटलं, पण जास्त झालं नाही. बरं वाटण्याला किंमत नाही असं मी म्हणणार नाही. पण ते वाटणं साखरेच्या पाण्यापेक्षा जास्त आहे का, हा प्रश्न तिथे उत्तराविना राहतो.

अंगदुखीवर बीसीएए थोडं उपयोगी पडतं असे काही अभ्यास आहेत, बरेचसे वजन उचलण्याच्या व्यायामातले. तो वेगळा दावा आहे, इथे मिसळत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये कामगिरीवर थेट परिणामाचा चांगला पुरावा असलेली पाचच नावं दिली: कॅफीन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-ॲलनिन, बायकार्बोनेट. यातलं बीटा-ॲलनिन हे अमायनो ॲसिडच, पण त्याचा उपयोग अर्ध्या मिनिटापासून दहा मिनिटांपर्यंतच्या जोरकस प्रयत्नात. मॅरेथॉनवाल्याच्या कामाचं नाही.

शेवटी पोराला फोनच केला. आधी विचारलं, दिवसभरात खातोस काय? सकाळी पोहे, दुपारी भाकरी-भाजी, संध्याकाळी भात-वरण, दूध “कधी कधी”. वजन ६० किलो. आपल्याकडे सामान्य माणसासाठी दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं अशी शिफारस आहे, म्हणजे त्याला ५० ग्रॅम. पण लांब पल्ल्याचा कडक सराव करणाऱ्यांवर २०१६ मध्ये काटो आणि सहकाऱ्यांनी केलेल्या मोजमापात गरज किलोमागे सरासरी १.६५ ग्रॅम निघाली, सुरक्षित बाजूने १.८३. म्हणजे याला १०० ते ११०. त्याच्या ताटात निम्मीही नव्हती. आणि स्कूपमध्ये असतात पाच-सात ग्रॅम, वीस अमायनो ॲसिडपैकी फक्त तीन. तेवढं बीसीएए लिटरभर गाईच्या दुधात असतं, उरलेल्या सतरांसकट. दोन हजारांत दूध, अंडी, डाळ, सोयाबीन किती येतं हा हिशोब त्याने माझ्यापेक्षा लवकर केला.

“आणि पळताना?” त्याने विचारलं. पळताना लिटरभर पाण्यात ६० ग्रॅम साखर, चिमटीभर मीठ, लिंबू. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील असं बघ.

“मग सरांना काय सांगू?”

यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. सरांनी वाईट हेतूने सांगितलेलं नाही, त्यांनीही कुठेतरी एखादी बाणांची स्लाइड पाहिली असणार. मी म्हटलं, सांग की त्या अभ्यासात ३ तास ५ मिनिटांच्या आत येणाऱ्यांना फरक पडला नव्हता. तो हसला. हे त्यांना पटेल म्हणाला, कारण त्यात त्याचं कौतुकही आहे.

परवाच्या रविवारी त्याने २८ किलोमीटर लिंबू-साखरेच्या पाण्यावर केले. विसाव्या किलोमीटरला पोटात ढवळलं. आतड्यालाही सरावाची सवय लागते, त्यामुळे पुढचे काही रविवार तासाला ३० ग्रॅमपासून हळूहळू वाढवत नेणार आहोत. डबा त्याने घेतलेला नाही. मी माझ्या स्लाइडवरचे बाण पुन्हा काढायला बसले आहे, यावेळी जाडी वेगवेगळी ठेवून, आणि एका बाणाची जाडी किती धरायची यावर अडकले आहे.